प्रवासात स्केचबुक नेणारे कोणी आहेत का इथे? (आणि घरी आल्यावर ते कपाटात का जातं?)

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल पोटात घाला.

मी अकाउंट्समधे आहे त्यामुळे मार्च म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. यंदा ३१ तारीख उलटली तरी मला झोपेत एक्सेलच्या रेघा दिसत होत्या. नवऱ्याला म्हटलं दोन दिवस पोरांना बघ, मी वाईला चाललेय. "एकटी? काय आहे वाईत?" म्हटलं काही नाही, म्हणूनच. लेकीची चित्रकलेची वही अर्धी कोरी होती ती, एक ४बी पेन्सिल आणि खोडरबर पिशवीत टाकलं आणि स्वारगेटहून एसटी पकडली. आठवीत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, बी ग्रेड. त्यानंतर पेन्सिल हातात धरली ती व्हाउचरवर टिक करायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीच्या घाटावर गेले. याआधी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा वीस मिनिटांत नाना फडणवीसांचा वाडा बघून झाला, घंटा बघून झाली, फोटो काढून झाले, चला महाबळेश्वर. या वेळी साडेसात ते साडेदहा एकाच पायरीवर बसून होते. आणि काय सांगू, घाटाच्या दगडांवर पाण्याच्या तीन वेगवेगळ्या रेघा आहेत, एक हिरवट, एक काळी आणि वर एक पांढुरकी, म्हणजे नदी कुठकुठपर्यंत चढते ते लिहूनच ठेवलंय. एक मावशी धुणं आपटत होत्या तो दगड मधे चक्क खोलगट झालाय. आणि ती वसईच्या विजयानंतरची (१७३९) पोर्तुगीज घंटा, तिच्यावर कडेवर बाळ घेतलेली मेरी आहे! दोन वेळा त्या घंटेसमोर उभं राहून फोटो काढलेत मी, आणि मेरी दिसली नव्हती.

चित्र भयानक आलं. पायऱ्या भूकंपात कोसळतायत असं वाटतं. पण एसटीत बसले तेव्हा डोकं धुवून वाळत घातल्यासारखं हलकं झालं होतं.

प्रश्न असा की परत येऊन तीन आठवडे झाले, वही उघडलेली नाही. तिथे जी नजर होती ती स्वारगेटलाच उतरून गेली की काय? तुम्ही लोक काय करता? आणि घरच्यांबरोबर ट्रिपला गेलात तर हे जमतं का?

चिंगूस

पहिला!! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

घाटवाट

छान लिहिलंय. पण फोटो कुठेत? म्हणजे चित्राचे. भूकंपासकट टाका.

पिंपळपान

घरच्यांबरोबर अजिबात जमत नाही. हंपीला हेमकूट टेकडीवर बसले होते, विरूपाक्षाचं गोपुर समोर, ऊन उतरत आलेलं, पाच रेघा मारून झाल्या आणि मागून सासूबाई, "झालं का गं? चहा कधी घ्यायचा?" गोपुराचे वरचे चार मजले आजतागायत हवेत आहेत. तेव्हापासून मी एकच नियम केलाय, सगळे सकाळी अंघोळी आणि नाश्ता करत असतात तो पाऊण तास माझा. सहाला उठायचं, हॉटेलच्या दारात जे दिसेल ते काढायचं. हंपीचं माझं सगळ्यात चांगलं चित्र एका पंक्चरवाल्याच्या टपरीचं आहे.

शंकासुर

आता विरोधी सूर लावतो. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत). हल्ली हे एक फॅडच झालंय. आधी चार हजारांची वही, मग जर्मन पेन, मग पाण्याची टाकी असलेला जपानी ब्रश, मग तो सगळा संसार कॅफेत टेबलावर मांडून त्याचा फोटो. चित्र राहिलं बाजूला. आणि नवी नजर वगैरे म्हणाल तर सुट्टीत सगळंच नवं वाटतं हो, तिथे तुम्हाला कोणी रिटर्न भरायला सांगत नसतं. स्केचबुकाऐवजी लोकरीच्या सुया नेल्या असत्या तरी डोकं हलकं झालंच असतं.

अबोली_पुणे

@शंकासुर, माझा खर्च एकूण शून्य रुपये आहे, वहीसुद्धा लेकीची. आणि लोकरीच्या सुया नेल्या असत्या तर मेरी दिसली नसती, सुयांकडे बघत बसले असते :)

चिंगूस

शंकासुराला घरात घेतलं. १-०.

नाशिकचा_चिवडा

अवांतर: मेणवलीच्या घंटेचं कौतुक चाललंय तर आमच्या पंचवटीतल्या नारोशंकराच्या घंटेला विसरू नका, तीही पोर्तुगीजच. आणि पाण्याच्या रेघांवरून आठवलं, आमच्याकडे पूर मोजायला रेघा लागत नाहीत, गोदावरीत उभा दुतोंड्या मारुती आहे. घोट्याला पाणी, गुडघ्याला पाणी, गळ्याला पाणी. पावसाळ्यात तो काढायला या कोणीतरी, वाट बघत उभाच आहे.

टोपणनाव_सुचेना

माझा अनुभव वेगळाच. राजापूर तालुक्यात मित्राच्या गावी गेलो होतो, रस्त्याच्या कडेला दगडावर बसून एक जुनं कौलारू घर काढत होतो. पेन्सिल हातात लांब धरून एक डोळा मिटून माप घेतात ना, तसं चाललेलं. दहा मिनिटांत घरातून आजोबा बाहेर, मग शेजारचे, मग आणखी दोघं. कोणी काही बोलेना. शेवटी आजोबांनी विचारलं, "रस्ता कितीसो रुंद होतलो?" त्यांना वाटलं मी हायवेच्या कामाचा, मोजणीला आलोय, पडवी जाणार की राहणार याचा निकाल माझ्या वहीत आहे! चित्र दाखवलं तर आधी कोणाचा विश्वास बसेना. मग आजींनी बघून सांगितलं की डावीकडचा फणस राहिलाय. फणस काढून घेतला आणि मगच सोडलं मला. निघताना कोकमसरबत.

पिंपळपान

हसून हसून पुरेवाट!! पडवी जाणार की राहणार 🤣

गिरमिट

आमच्या सोलापूरकडं पोरं गोळा होतात बघा. सिद्धेश्वर तलावाच्या कडेला बसलो की पाच मिनिटात सात पोरं. एक डोक्यावर रेलतंय, एक विचारतंय किती पैसे मिळतात ह्याचे, एक म्हणतंय काका माझं काढा की. पहिल्यांदा वैताग यायचा, आता मी एक पान फाडून एकाच्या हातात पेन्सिलच देतो, तू माझं काढ म्हणून. मग बाकीची सहा तिकडं. माझी अशी अकरा चित्रं आहेत घरात. सगळ्यात माझं नाक बटाट्यासारखं. अकरा जणांना तसंच दिसलं म्हणजे आता मान्य करायला पाहिजे.

हॉलंडवाली_काकू

इकडचं सांगते. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१५ मधे मोहीमच काढली होती की फोटो ठेवा आणि चित्र काढा. शनिवारी वही-पेन्सिल म्युझियमच द्यायचं. मी मुलाला घेऊन गेले, तो तेव्हा नऊ वर्षांचा, सगळ्यांची झुंबड रेम्ब्रांटच्या त्या भल्यामोठ्या चित्रापुढे आणि हा एका कोपऱ्यात जहाजाचं मॉडेल काढत पालथा पडलाय. दीड तास! एरवी म्युझियममधे त्याचा "आई, कधी जायचं" चा जप पंधराव्या मिनिटाला सुरू होतो. रंगबिंग तिथे चालत नाहीत हं, पेन्सिलच. त्याचं जहाज अजून फ्रीजवर आहे. मी काढलेला फुलदाणीचा भाग कुठे आहे ते विचारू नका.

शंकासुर

@काकू, मुद्दा मान्य, पण तो बसून राहण्याचा आहे, चित्राचा नव्हे. फोटोविरोधकांनी आणखी एक ऐकावं. लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने म्युझियममधे लोकांना फिरवून प्रयोग केला, तो २०१४ साली छापून आला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितल्या त्या जास्त. इथे टाळ्या वाजवू नका, पुढे आहे. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं त्यांची आठवण काही घसरली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, निष्काळजीपणे काढण्याचा आहे. मी माझ्या मोबाइलवर मेरी झूम करून काढली असती.

अबोली_पुणे

काढली असतीत हो, पण आधी ती तिथे आहे हे दिसायला तर हवं! मला ती कधी दिसली सांगते. घंटेचा आकार चुकत होता, खालचा घेर किती येतो ते बघायला म्हणून जवळ गेले, तेव्हा. आकार चुकला नसता तर गेलेच नसते.

घाटवाट

@अबोली, हे खूप आवडलं. मला चित्र येत नाही पण ट्रेकला मी नकाशे काढतो, वाट कुठे फुटते, पाण्याचं टाकं कुठे. चुकतो तिथलं सगळं लख्ख आठवतं, बरोबर गेलो तिथलं काहीच नाही.

निवृत्त_मास्तर (कोल्हापूर)

उशिरा आलो. ३४ वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली, त्यामुळं एलिमेंटरी, बी ग्रेड वाचून पोटात कालवलं. त्या परीक्षेच्या स्मरणचित्रात सगळ्या महाराष्ट्राची भाजीवाली एकच असायची, तीच टोपली, तोच पदर, कारण कुणी मंडईत जाऊन बघितलेलीच नसायची, क्लासच्या सरांनी बसवून दिलेली. मीही बसवून दिल्या आहेत, पाप माझंही आहे.

आता अबोलीताईंच्या कोसळणाऱ्या पायऱ्यांविषयी. घाट हा नवशिक्याला फार अवघड विषय आहे, पण एक गोष्ट कळली की सुटतो. क्षितिजरेषा म्हणजे लांब कुठं जमीन आणि आभाळ मिळतं ती रेघ असं शाळेत घोकलेलं असतं. ती तुमच्या डोळ्याची पातळी आहे. तुम्ही बसलात की ती बसते, उभे राहिलात की उभी राहते. तुम्ही खालच्या पायरीवर नदीकडं पाठ करून बसला असाल तर डोळ्याच्या खालच्या ज्या दोनतीन पायऱ्या आहेत त्यांचा पाय ठेवायचा भाग दिसेल, पट्टीसारखा, आणि वर वर जाताना ही पट्टी बारीक होत जाईल. डोळ्याच्या बरोबर पातळीला जी पायरी आहे तिची पट्टी गायब, नुसती रेघ. आणि त्याच्या वर पाय ठेवायची जागा दिसतच नाही, नुसते उभे दगड एकावर एक, भिंतच. माझी खात्री आहे की तुम्ही सगळ्याच पायऱ्यांना पट्टी काढलीय. कारण पायरीवर पाय ठेवायला जागा असते हे आपल्याला माहीत असतं. माहीत असलेलं काढलं की पायऱ्या कोसळतात.

मुलांना मी सांगायचो, अडलं की उठून उभं राहा, परत बसा. सगळं चित्र खालीवर हलतं. फुकटची करमणूक आहे.

अबोली_पुणे

सर!!! आत्ता वही काढून बघितली (कपाटातून निघाली एकदाची). सगळ्याच पायऱ्यांना पट्टी आहे. अगदी वरच्या, देवळाला टेकलेल्या पायरीलासुद्धा. तुम्ही चित्र न बघता कसं ओळखलंत?

निवृत्त_मास्तर (कोल्हापूर)

३४ वर्षं.

चिंगूस

_/\_ वाचनखूण साठवली आहे. जाता जाता मास्तर, आमच्या बॉसला पण ही पातळीची गोष्ट सांगाल का, तो कधी खाली बसतच नाही.

बोरकुट

नुसतं वाचत होते पण सामानाचं कोणी नीट बोलत नाहीये म्हणून लिहिते. शाळेच्या वहीत पाणी लावलं की कागद पापडासारखा फुगतो, त्यामुळे जलरंग करायचे असतील तर ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या. मोठी शीट आणून पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले तर स्वस्त पडतं. वही हवीच असं नाही, सुटे तुकडे आणि मागे एक जाड पुठ्ठा, दोन क्लिपा. पेनने काढून वर रंग देणार असाल तर शाई पाण्याने न पसरणारी हवी, साधी फाउंटन पेनची शाई पसरते. मी दापोलीला अख्खं हर्णे बंदर निळं करून ठेवलंय. आणि पावसाळ्यात कोकणात गेलात तर एक वॉश (रंगाचा पातळ थर) वाळायला तास लागतो, तोवर भजी खा. उलट लेहला ब्रश कागदावर टेकतो न टेकतो तोच वाळतं, तिथे लहान लहान भागच करावे लागतात.

शंकासुर

बघा, झाली ना स्टेशनरी सुरू. मी म्हणालो होतो.

बोरकुट

तुम्हाला एक कोरा तुकडा पोस्टाने पाठवू का?

पिंपळपान

इतिहासाचंही कोणीतरी लिहा की, आपल्याकडे प्रवासात चित्रं काढायची परंपरा होती का? की सगळे साहेबच?

वाचनखुणा

@पिंपळपान, साहेबांबरोबर एक पक्का पुणेकर होता. गंगाराम तांबट. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट होता, त्याच्याकडे गंगाराम चित्रं काढायचा. १७९० च्या दशकात वेरूळला जाऊन त्याने लेण्यांची चित्रं काढली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला तेव्हा त्याच्या हाताखालीही गंगाराम होता. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मी ती फक्त स्क्रीनवर बघितलीत. पुण्याचा माणूस, वेरूळची लेणी आणि बघायला जायचं अमेरिकेत.

अजिंठ्याचं तर सगळ्यांना माहितीय. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकला केल्या आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली त्यात बहुतेक जळून गेल्या. मग मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थी घेऊन पुन्हा केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. अबोलीताई, तुमच्या कोसळलेल्या पायऱ्या सुखरूप आहेत हे लक्षात घ्या.

चिंगूस

आता कोणीतरी गिलच्या प्रेयसीवर, पारोवर येणार आणि धागा दोनशेवर जाणार.

घाटवाट

पारोसाठी वेगळा धागा काढा. इथे नको. प्लीज.

निवृत्त_मास्तर (कोल्हापूर)

वाचनखुणांनी प्रवास करणाऱ्यांचं सांगितलं, मी न करणाऱ्याचं सांगतो, कारण अबोलीताईंचा मूळ प्रश्न बाजूला पडलाय. आमचे अबालाल रहिमान. जे.जे.त शिकले, तिथं नाव झालं, मनात आणलं असतं तर मुंबईत बसून पैसा केला असता. ते कोल्हापूरला परत आले, शाहू महाराजांचा आश्रय होता, आणि गावाच्या कडेचं कोटितीर्थ काढत राहिले. तेच तळं, तीच झाडं. पहाटेचं, संध्याकाळचं, पावसातलं. १९२२ ला महाराज गेल्यावर त्यांनी दुःखानं स्वतःची किती तरी चित्रं त्याच तळ्यात बुडवली असं इथं जुनी माणसं सांगायची. खरं-खोटं तळ्याला माहीत.

मी लहानपणी रोज शाळेला जाताना कोटितीर्थावरून जायचो. मला ते डासांचं डबकं वाटायचं. त्यांचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं होतं, हे कुठलं काश्मीर?

गिरमिट

मास्तर, काटा आला बघा.

शंकासुर

हे मात्र पटलं. आणि माझाच मुद्दा आहे हा, की प्रवासाची गरज नाही.

पिंपळपान

नाही हो, इतकं सोपं नाहीये. अबालालांना घरी कोणी "अगं गॅस बंद कर" म्हणत नसणार. घरात मी पेन्सिल घेऊन बसले की मला चित्राचा विषय दिसतच नाही, पंख्यावरची धूळ दिसते. घरातल्या प्रत्येक वस्तूवर एक काम चिकटलेलं असतं. परगावच्या पंख्यावरची धूळ माझी नसते, म्हणून ती बघता येते. बायकांना तरी बाहेर पडावंच लागतं, मग वाई असो नाहीतर पुढचा चौक.

हॉलंडवाली_काकू

पिंपळपानला +१००. परगावच्या पंख्यावरची धूळ!

टोपणनाव_सुचेना

पुढच्या चौकावरून, अर्बन स्केचर्स म्हणून जगभर गट आहेत, सिअ‍ॅटलमधल्या गाब्रिएल काम्पानारिओ या वर्तमानपत्रातल्या चित्रकाराने २००७ मधे ऑनलाइन सुरू केलं. त्यांचा पहिला दंडकच हा की जागेवर बसून, समोर बघून काढायचं, फोटोवरून नाही. मग ते ताजमहाल असो नाहीतर तुमच्या आळीतला डीपीचा खांब. एकदा एका गटाबरोबर रविवारी सकाळी बसलो होतो, एकटं असताना लोकांच्या नजरेची जी लाज वाटते ती पंधरा जण असले की वाटत नाही, उलट न काढणाराच अवघडतो. शेवटी सगळ्यांनी वह्या फुटपाथवर मांडल्या, एकच चहाची टपरी पंधरा तऱ्हेची. एकाच्या चित्रात टपरीच नव्हती, फक्त टपरीवाल्याच्या चपला.

अबोली_पुणे

मंडळी, मधे आठवडाभर गायब होते, जीएसटीची तारीख होती. सगळे प्रतिसाद आज वाचले. पिंपळपान, तुझा पंखा वाचून मी आमच्या पंख्याकडे बघितलं आणि वही घेऊन सरळ खाली पार्किंगमधे गेले. बादली पालथी घालून बसले. शंकासुर, प्रवास एकूण चार मजले, लिफ्टने.

अकरा वर्षं राहतोय इथे. पार्किंगच्या खांबांवर बिल्डरने घातलेले नंबर आहेत आणि आमच्या गाडीचा खांब सात नंबरचा आहे हे आज कळलं. सहा नंबरचा खांबच नाहीये! पाचनंतर सात. दोनदा मोजले. काढताना मी आपोआप सहा घातला होता, मग खोडावा लागला.

वॉचमनकाका आधी लांबून बघत होते. मग म्हणाले, मॅडम, मेंटेनन्सचं काही आहे का. म्हटलं नाही, चित्र काढतेय. तर आत गेले, केस विंचरून आले, खुर्ची आणून खांबाला टेकवली आणि ताठ बसले. मग काय, पार्किंग राहिलं, काकांनाच काढलं. फोटो टाकलाय, हसू नका.

चिंगूस

सहा नंबर कुठे गेला??? आज झोप नाही.

नाशिकचा_चिवडा

काका भारी आलेत. मिशी एकदम जिवंत.

शंकासुर

चित्र बरं आहे. (बोरकुट, पत्ता खाजगी निरोपात पाठवलाय. एकच तुकडा.)

बोरकुट

दोन पाठवते. पहिला फुकट जातो.

निवृत्त_मास्तर (कोल्हापूर)

अबोलीताई, झकास. मिशीवर हात थांबला नाही हे दिसतंय. फक्त खुर्चीचे मागचे दोन पाय पुढच्या पायांच्या खाली उतरलेत, त्यामुळं काका पाठीमागं पडतायत. बादलीवर बसलात तरी जमीन डोळ्याच्या खालीच, मागचे पाय कागदावर वर चढायला पाहिजेत.

अबोली_पुणे

सर, काकांनीही चित्र बघून हेच सांगितलं. "मॅडम, खुर्ची पडेल." उद्या परत बसायला तयार आहेत, युनिफॉर्म इस्त्री करून.